आमच्या चीनवालीचा पहिला पेशंट

आमची शीतल चीनमदी डॉक्टरी शिकून राह्यली. शिकून राह्यली म्हनलं मी, झाली नाई म्हनलं. हा फरक अख्ख्या गावात मले एकटीलेच समजते. बाकीच्याईनं तिले विमानात बसवून आलो त्याच दिवशी डॉक्टरीन करून टाकलं. अन् त्यात सगळ्यात पुढं कोन, तर तिचे बाबा. बाजारात तुरी अन् भट भटनीले मारी, तशातली गत.

गाव त्याईले उद्धवराव म्हनते. मी नाव घेत नाई, शीतलचे बाबा म्हनते. इचोड्याच्या मोठ्या सडकेवरून आत वळलं की आमचं गाव. वावरात कापूस अन् ज्वारी, घरामांगं वांग्या-मिरच्याची वाडी, अन् घरात मी, रेनुका. पोरगी एकच. तिले इकडं डॉक्टरीची सीट लागली नाई तवा ती म्हने, बाबा, चीनमदी लागते. मी म्हनलं, चीन म्हंजे काय मंचेरियल हाय का, सकाळी जाऊन संध्याकाळी याले? तर हे म्हनतात, "शिकाले जाऊन राह्यली, लढाईले नाई." असं म्हनले अन् गोठ्यात जाऊन बैलाच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मी पाह्यलं ना, डोळे पुसून राह्यले होते. पन माझ्यासमोर छाती पुढं.

चीनच्या पार उत्तरेले चांगचुन म्हनून शहर हाय, तिथं तिचं कॉलेज. तिथं आपलं व्हॉट्सअ‍ॅप चालत नाई. तिच्या मोबाइलमदी कायतरी कुलूप उघडाचं अ‍ॅप हाय, ते टाकलं की मंग फोन लागते. त्याईचं घड्याळ आपल्या पुढं. इथं दिवेलागन झाली की तिथं जेवनं होऊन लोक पांघरून शोधून राह्यलेले. आमी अंगनात बाजेवर बसतो, मोबाइल तांब्याले टेकवतो, अन् शीतल दिसली की पह्यलं तिचे बाबा इचारतात, "काय म्हनते चीन?" जसं काय चीन त्याईच्या सोयऱ्याचं पोरगं हाय.

अन् मंग दवाखाना सुरू. आमचे शेजारी नागोराव फोनची घंटी ऐकली की कुंपनावरून येतात अन् मोबाइलसमोर जीभ काढून बसतात. शीतल हात जोडते. "काका, मी आता हाडं शिकून राह्यली. जीभ पुढच्या वर्षी हाय." नागोराव म्हनतात, "चालते बाई. पुढच्या वर्षी दाखवतो." आता घ्या. ह्या मानसाले तेवढा धीर हाय, पन इचोड्याच्या दवाखान्यात रांगेत उभं राहाचा नाई.

तिथलं तिचं रोजचं ऐकाल तर हसू येईन. सकाळी उठून पह्यलं काम, थर्मास घेऊन गरम पान्याच्या नळावर रांग. तिथं लोक बारमाही गरम पानी पितात. जेवाच्या जागी एक म्हातारी वाढते, तिले सगळे मावशी म्हनतात. कोनं थंड पानी प्यालं की ते मावशी असं रागावते की बस. दुपारी जेवले की अख्खं कॉलेज झोपते. मास्तर बी, पोरं बी. हे ऐकून शीतलचे बाबा लई खूश झाले. म्हनले, "चीनचे लोक शाने हायत. मी दुपारी जरा पडलो की ही घरात भांडे आपटते." मी म्हनलं, ते झोपून उठल्यावर कामाले जातात, तुमी चहाले बसता. नंतर जरासं आपटलंच भांडं.

शीतल उन्हाळ्यात सुट्टीवर आली. मे मह्यना, आदिलाबादचं ऊन, कावळ्याचे पाय भाजून राह्यले, अन् ही पोट्टी म्हने, आई, गरम पानी दे. मी कपाळाले हात लावून पाह्यलं, ताप नोता. नागोरावाची बायको हळूच माझ्या कानात म्हने, पोरीले कोनाची नजर लागली असन. तीन रस्त्याची माती आनून ओवाळून टाकली आमी. पोरगी चूप बसून ओवाळून घेत होती अन् वरून गरम पानी घोट घोट पीत होती. पोहे देले तर दोन काड्यानं खाले लागली. मी चमचा फेकून देला तिच्याकडं.

तिच्या खोलीत एक अमेरिकेची पोट्टी राह्यते. केल्सी नाव. ते डॉक्टरी शिकत नाई, चिनी भाषा शिकाले आली. मले पह्यलं हेच समजेना का अमेरिकेचे लोक बी शिकाले दुसरीकडं जातात. मले वाटे सगळं जग अमेरिकेत जाते अन् अमेरिका घरीच बसते. अन् ते पोट्टी कशी, तर बाहेर नाल्यातलं पानी गोठून राह्यलं अन् ही अर्धी चड्डी घालून पळाले जाते. परत येऊन बर्फाचं पानी पिते. वाढनारी मावशी तिच्यामांगं थर्मास घेऊन फिरते. शीतल म्हने, आई, मावशीच्या हातचं गरम पानी प्यालं नाई तर ते भाजी कमी वाढते, म्हनून केल्सी तिच्यासमोर गरम पिते अन् मांगून थंड. म्हंजे लबाडी सगळ्या मुलखात सारखीच.

केल्सीचा बाप शेतकरी निंघाला, अन् त्यातही ज्वारीवाला. हे समजल्यावर शीतलच्या बाबाईले दुसरं काय पायजे. केल्सीनं मोबाइलवर आपल्या बापाच्या वावराचा फोटो दाखवला. नजर पोचन तिथवर ज्वारी, पन उंची कंबरेएवढी. हे लई वेळ पाहत राह्यले. मंग म्हनले, "इचार तिले, एवढी बुटकी ज्वारी, कडबा काय निंघन?" केल्सी म्हने, कडबा नाई, मशीन येते अन् वरून कनसं कापून नेते. मंग दाने कोन खाते, तर म्हने काही ढोरं खातात, अन् काही जहाजात भरून चीनले येते, इथं त्याची दारू होते. ह्याईले त्या बापाची लई दया आली. "एवढं पिकवते बिचारा, अन् घरात भाकर नाई." त्या दिवशीपासून हे तिच्या बापाले 'बिचारा' म्हनतात. त्याच्याजवळ टॅक्टरं किती हायत हे शीतलनं सांगतलं, तरी बिचाराच.

मंग शीतलनं इथून नेलेल्या पिठाची भाकर थापली. हॉस्टेलात चूल पेटवाची मनाई, तर लपून बिजलीच्या तव्यावर. शीतलची भाकर म्हंजे चीनचा नकाशा, मी फोनवरून पाहूनच डोळे मिटले. पन केल्सीनं ठेचा लावून खाल्ली, नाकातून पानी, डोळ्यातून पानी, तरी खाल्ली. म्हने, माझा बाप जल्मभर पिकवते ते ज्वारी मी आज पह्यल्यांदा खाल्ली. तवापासून ते ह्याईले बाबा म्हनाले लागली, शीतल म्हनते तसंच. अन् हे नागोरावाले सांगत फिरले का मले आता दोन लेकी, एक पास होईन, दुसरी गोरी हाय.

हे सगळं हसन्यावारी चाललं होतं. मंग कापूस येचाचे दिवस आले.

एक दिवस वावरातून गाठोडं उचलून हे बांधापर्यंत आले अन् धुऱ्यावर बसून गेले. घाम असा का आंघोळ केल्यासारखा. छातीवर हात. मी धावत गेली तर म्हनतात, "गॅस हाय." ओवा अन् काळं मीठ चावलं, जरा वेळानं उठले. मी म्हनलं, चला इचोड्याले. तर म्हने उद्या. चार दिवसानं विहिरीच्या पायऱ्या चढताना पुन्हा तसंच. पुन्हा गॅस. मी चिडली. म्हनलं, एवढा गॅस हाय तर सिलेंडर काऊन भरून आनता, छातीलेच नळी लावा.

तवा त्याईनं मनातलं सांगतलं. म्हनले, "नळी लागन ना. पन पह्यली नळी माझ्या छातीले लागन ते शीतलच्या हातची. आजवर मी कोन्या डॉक्टरले छाती दाखवली नाई. माझी लेक डॉक्टर होऊन येईन, गळ्यात ते नळी घालून, अन् म्हनन, बाबा, श्वास घ्या. पह्यला पेशंट मी. तोपर्यंत मी दुसऱ्याच्या दारात जात नाई."

मानूस चुकीचं बोलते तवा भांडता येते. पन हे असं बोलले का त्यात लेकीची माया अन् गाढवपना दोनी एका पोत्यात भरलेले, काय वेचाचं अन् काय फेकाचं. शीतलले पास व्हाले अजून वर्षं हायत. तोपर्यंत हे छाती जपून ठेवनार, नवीन लुगडं पेटीत ठेवतात तशी. अन् मले भेव वाटे. रात्रंदिवस भेव वाटे. ह्याईचा श्वास ऐकाले मी जागी राहो.

शेवटी मी चोरून फोन केला. हे वाडीत पानी देत होते तवा शीतलले सगळं सांगतलं. घाम कसा आला, किती वेळ राह्यला, पोरीनं दोनदा इचारलं. मंग हळूच म्हने, "आई, हा गॅस नाई." मी म्हनलं, मले माहीत हाय वो माय, म्हनून तर तुले सांगून राह्यली. संध्याकाळी तिनं बाबाले इचारलं. हे हसले. "तुझ्या मायले काय, मांजर आडवं गेलं तरी दवाखाना दिसते." शीतल रागावली, रडली, हात जोडले. ह्याईचा जवाब एकच, "तूच म्हनतेस ना मी अजून डॉक्टर नाई? मंग डॉक्टरसारखं कायले सांगतेस?" पाहा. जे मी गावाले समजावून थकली, ते ह्याईले नेमकं तवाच समजलं. सुंभ जळन पन पीळ जानार नाई.

अन् दिवाळी आली. आमच्याइकडं पाडव्याले लेक बापाले ओवाळते. ओवाळलं की बापानं ताटात काही टाकलं पायजे. ताट रिकामं फिरवू नाई, अन् ओवाळनारीनं तोंडानं काही मागतलं तर नाई म्हनू नाई. गरिबातला गरीब बी हे पाळते. शीतल चीनले गेल्यापासून ओवाळनं फोनवरच होते. ती तिकडून ओवाळते, इकडं तिच्या वतीनं ताट मी धरते.

शीतल काय मागन ह्याचा ह्याईले अंदाज आलाच होता. बायकोशी भांडून भांडून मानूस हुशार होते. पाडव्याले दिवे लागले, हे टोपी घालून पाटावर बसले, समोर तांब्याले टेकवलेला मोबाइल. नागोराव अन् त्याईची बायको बी आले. शीतलनं तिकडं बोटावर कुंकू घेतलं अन् पडद्यावर ह्याईच्या कपाळाच्या जागी लावलं. हॉस्टेलात दिवा लावाची सोय नाई, धुरानं छतावरची घंटी वाजते, म्हनून सेलवर जळनारी मेनबत्ती ठेवली होती. तिनं ताट फिरवलं, तोंड उघडलं, अन् तेवढ्यात ह्याईनं झपकन खिशातून चांदीचे पैंजन काढून माझ्या हातातल्या ताटात टाकले. "घे बाई, झाली तुझी ओवाळनी. आता काही मागू नको." पैंजन चांगले होते. मले ते उचलून ह्याईच्याच डोक्यावर आपटावे वाटले.

शीतल बाजूले सरकली. अन् मांगून केल्सी पुढं आली. अंगावर शीतलचा पंजाबी ड्रेस, डोक्यावर ओढनी, कपाळाले टिकली, हातात खानावळीतलं कप्प्याचं स्टीलचं ताट, त्यात तांदूळ अन् ते मेनबत्ती. तिनं ताट उलटं फिरवलं, शीतलनं हात धरून सरळ केलं. पडद्यावर ह्याईच्या नाकाले कुंकू लावलं. आमी सगळे हसलो. हे तर एवढे खूश का पाटावर मावेनात.

पन खिशात दुसरं काही नोतं. तयारी एकाच लेकीची केली होती. ह्याईनं सदऱ्याचा खिसा पाह्यला, धोतराची गाठ पाह्यली, माझ्याकडं पाह्यलं. मी आभाळाकडं पाह्यलं. मंग हे मोबाइलले म्हनले, "परक्या मुलखातली लेक पह्यल्यांदा ओवाळून राह्यली. इचार तिले काय पायजे. जे मागन ते देईन."

केल्सीनं ताट छातीसमोर धरलं अन् एक एक शब्द चावून, आमच्याच बोलीत म्हनली, "बाबा, उद्या दवाखान्यात चाला."

ह्याईचं तोंड उतरलं. म्हनले, "हे शीतलनं शिकवलं."

"हो, मी शिकवलं," शीतल म्हने. "मागनं तिचं हाय."

"दुसरं माग म्हन तिले. लुगडं माग म्हन. ज्वारी पाठवतो पोतंभर."

शीतलनं तिले काही सांगतलं नाई. केल्सी तशीच उभी, ताट पुढं. तिचे मंग हात दुखले, ताट थरथरून राह्यलं, तरी खाली ठेवलं नाई. शीतलनं तिले एवढंच सांगून ठेवलं होतं का बाबा हो म्हनतपर्यंत ताट खाली आनाचं नाई. ह्याईले काय झालं, छातीत काय असते, सगळं तिले माहीत होतं. ते हसत नोती आता.

नागोराव, जे आयुष्यात कदी कामाचं बोलले नाई, ते बोलले. "उद्धवराव, जे मागन ते देईन म्हनले तुमी. आमी ऐकलं. पाव्हन्याच्या लेकीचं ताट रिकामं फिरवता काय?"

हे मुंडी खाली घालून बसले. मंग शीतलकडं पाहून बारक्या पोरासारखे म्हनले, "पह्यली नळी तुझ्या हातची पायजे होती ना, बाई."

शीतलचा आवाज फुटला. "बाबा, मी येतपर्यंत तुमी राह्यले पायजे ना. मी नळी लावू कोनाले मंग?"

मी ताट खाली ठेवलं अन् पदर तोंडाले लावला. मले रडताना ह्याईनं लग्नातही पाह्यलं नोतं. मंग हे केल्सीले म्हनले, "ठेव माय ताट खाली. जातो उद्या." ते मराठी तिले कोनी सांगतलं नाई, तरी समजलं. तिनं ताट ठेवलं अन् हात झटकत भुईवरच बसली.

दुसऱ्या दिवशी आदिलाबादले गेलो. तिथल्या डॉक्टरनं छातीवर नळी ठेवली तवा ह्याईनं डोळे मिटून घेतले, इंजेक्शनले मिटतात तसे. मंग तारा लावल्या, कागद पाह्यला, अन् डॉक्टरनं ह्याईले खुर्चीवरून उठूच देलं नाई. तिथूनच गाडीनं हैदराबाद. दोन नसा बंद होत्या, म्हने. एक तर जवळपास पूर्नच. स्टेंट बसवले. तिथला डॉक्टर मले म्हनला, आनखी थोडे दिवस वावरात गाठोडं उचललं असतं तर इथवर आलेच नसते. मी भिंतीले टेकून बसली. तिथं बसूनच शीतलले फोन लावला. दोघी नुसत्या फोन धरून बसलो.

घरी आल्यावर ह्याईचा रुसवा सुरू झाला. औषध खातात, फिराले जातात, पन नागोरावाले सांगतात, "पह्यला पेशंट गेला हातचा." जीव वाचला त्याचं काही नाई.

चीनच्या नव्या वर्षाची सुट्टी लागली अन् शीतल घरी आली. आल्या आल्या मी पानी देलं, गरमच देलं, भांडाभांडी नको म्हनून. तिनं प्यालं, हात धुतले, थैलीतून नळी काढून गळ्यात घातली अन् बापाले म्हने, "चाला, बाजेवर बसा. सदरा काढा."

"आता काय फायदा," हे म्हनले. पन सदरा काढला.

तिनं ते गोल चकती आपल्या तळहातावर घासून गरम केली अन् ह्याईच्या छातीवर ठेवली. "बाबा, श्वास घ्या." ह्याईनं घेतला. तिनं जागा बदलली, पुन्हा ऐकलं. लई वेळ ऐकलं. एवढा वेळ तर हैदराबादच्या मोठ्या डॉक्टरलेही लागला नोता. तिचे डोळे भरून आले, गालावरून पानी वाहाले लागलं, तरी कान लावूनच.

"काय ऐकू येते?" ह्याईनं घाबरून इचारलं.

"चालू हाय, बाबा," ते म्हने.

हे मंग म्हनले, "एवढं सांगाले चीनले जा लागते काय?"

असं म्हनले खरे. पन शीतल नळी काढाले लागली तवा ह्याईनं तिचा हात धरला, अन् छातीवरून उचलू देला नाई.